न लागणाऱ्या वायरी

गाडीतल्या वायरी काढायच्या असतील तर सगळ्यात आधी बॅटरी सोडवायची असते, हे मला आमच्या इमारतीतल्या झाडून सगळ्या माणसांनी सांगितलं. फक्त हॉर्न वाजायला लागल्यानंतर सांगितलं.

पण हॉर्नपर्यंत यायचं तर आधी गाडीपर्यंत यायला हवं.

मी विमा कंपनीत आहे. लोकांनी गाड्या ठोकल्या की ते आमच्याकडे पैसे मागतात आणि ते का मिळणार नाहीत हे त्यांना सभ्य भाषेत कळवणं हे माझं काम. दिवसभर दुसऱ्यांचे अपघात वाचून वाचून माणसाला आपणही काहीतरी करावं असं वाटणारच. गावाबाहेरच्या एका जुन्या, विमानं सोडून गेलेल्या धावपट्टीवर एक मोटार क्लब रविवारी रेस भरवतो. तिथे येणारे लोक आपल्यासारखेच असतात. कुणी औषधांच्या दुकानात असतो, कुणी शाळेत गणित शिकवतो. घरच्या जुन्या गाडीतून जमेल ते काढून टाकायचं, डोक्यावर हेल्मेट चढवायचं आणि गोल गोल फिरायचं. जिंकणाऱ्याला चहाचा मग मिळतो. हरणाऱ्याला चहा.

घरची जुनी गाडी आमच्याकडे होती. बाबांची. वर्षानुवर्षं कव्हरखाली उभी. तिच्यावर मामाचा डोळा होता. मामाचं ड्रायव्हिंग स्कूल आहे, आणि ड्रायव्हिंग स्कूलची गाडी म्हणजे काय ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. तिचं अख्खं आयुष्य पहिल्या गिअरमध्ये जातं. दुसरा गिअर असतो हे तिने फक्त ऐकलेलं असतं.

"भावजी, पडून सडण्यापेक्षा चार पोरं शिकतील तिच्यावर," मामा दर भेटीत म्हणायचा.

मी रेसचा विषय काढला तेव्हा बाबांनी वर्तमानपत्र खाली न ठेवता निकाल दिला. "एक रेस. पहिला नको येऊस, शेवटचा आलास तरी चालेल. पण गाडी स्वतःच्या इंजिनवर रेषा ओलांडून आली पाहिजे. नाही आली, तर दुसऱ्या दिवशी किल्ली मामाकडे."

"चालेल," मी म्हणालो. विमा कंपनीतला माणूस सही करण्यापूर्वी बारीक अक्षरं वाचतो असा एक गैरसमज आहे.

बाबांविषयी थोडं सांगायला हवं. त्यांची आयुष्यात दोन तत्त्वं आहेत. पहिलं, कुठलीही वस्तू टाकायची नाही, कधीतरी लागते. दुसरं, काम नसताना चालू असलेला स्विच दिसला की बंद करायचा, मग तो कुणाचाही असो. एकदा मामाच्या ऑपरेशननंतर ते त्याला दवाखान्यात भेटायला गेले होते. मामाला डोळा लागलेला, आणि उशाशी कसलंसं यंत्र उगाचच चालू. नर्सने वेळेवर हात धरला. तेव्हापासून बाबा खोलीत असताना मामा झोपत नाही.

क्लबच्या माणसाने मला फोनवर नियम सांगितला. नवशिक्यांच्या गटात यायचं तर गाडी ठरलेल्या वजनाच्या आत हवी. जड निघाली तर मोठ्या इंजिनांच्या गटात जाईल, आणि तिथले लोक आरशात बघत नाहीत. "सोपं आहे हो," तो म्हणाला, "रेसला जे लागत नाही ते काढून टाका."

आमच्या घरात आजवर कुणी 'लागत नाही' हे शब्द मोठ्याने उच्चारलेले नाहीत, हे त्याला काय माहीत.

मागची सीट, गालिचा, दारांचे आतले पत्रे निघाले. तरी माझ्या हिशोबाने वजन थोडं वर होतं. मग क्लबवाल्याने फोनवर वायरींचं नाव काढलं. लोकांना वाटतं वायरीला कसलं आलंय वजन. पण रेडिओच्या, हीटरच्या पंख्याच्या, मागची काच गरम करण्याच्या, दारांच्या कुलपांच्या, छतातल्या दिव्याच्या वायरी मिळून जो जुडगा होतो तो उचलताना कंबर धरते. इंजिन, ब्रेकचे दिवे आणि वायपर एवढ्याच्या वायरी ठेवायच्या, बाकी सगळ्या बाहेर.

आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याने हे काम घ्यायला साफ नकार दिला. "वायरी जोडायचं काम मी घेतो, तोडायचं घेत नाही. तुम्ही तोडा घरी. मग याच माझ्याकडे." तो 'याच' असं म्हणाला की त्यात आमंत्रण कमी आणि भविष्य जास्त असतं.

मी घरी जाहीर केलं की गाडीत न लागणाऱ्या वायरी कुठल्या ते आज ठरेल. म्हणजे मीच ठरवणार होतो. पण आमच्याकडे निर्णय एकट्याने घ्यायची पद्धत नाही, त्यामुळे सगळे पार्किंगमध्ये उतरले, त्या दिवशी घरी आलेला मामासुद्धा.

"हॉर्न काढायचा नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, रेसमध्ये हॉर्न कोण वाजवतं?"

"मग पुढच्याला कळणार कसं, तू मागून येतोयस?"

"मी पुढे असेन."

यावर बाबा हसले नाहीत. त्यांनी फक्त मामाकडे पाहिलं. हसला तो मामा.

आईला डोक्यावरच्या, ऊन अडवायच्या झडपेतला आरशाचा छोटा दिवा हवा होता. "काढू नकोस रे तो. बाकी काय हवं ते काढ."

"आई, रेसमध्ये आरशात तोंड कोण बघणार?"

"हरल्यावर बघशील ना."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून मीटरकाका आले. काकांनी नोकरीभर लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचले. त्यामुळे वीज या विषयावर जगात कुठेही काही झालं तरी इमारतीत त्यांचं मत घेतलं जातं. त्यांनी कमरेवर हात ठेवून वायरींचा गुंता बराच वेळ न्याहाळला आणि मग म्हणाले, "हं."

"काय काका?"

"वायरी आहेत."

पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर कचरा टाकायला चालले होते, तेही थांबले. "मुळापासून ओढू नकोस," ते म्हणाले. "शेजारची हलते." सगळ्या सल्ल्यांत हा एकच पुढे खरा ठरला. पण त्यांच्या हातात कचऱ्याची पिशवी असल्यामुळे मी तो गांभीर्याने घेतला नाही.

माझी पद्धत शास्त्रीय होती. आई ड्रायव्हरच्या सीटवर बसून एकेक बटण दाबणार. मी बॉनेटखालून एकेक वायर कापणार. काहीच बंद पडलं नाही तर ती न लागणारी. गाडीच्या पुस्तकात वायरींचे रंग दिलेले होते, तपकिरी म्हणजे हे, पिवळी म्हणजे ते. पण आमच्या गाडीला आजवर जितक्या मेकॅनिकांचे हात लागले, त्या प्रत्येकाने त्या दिवशी खिशात जी वायर होती ती घातली होती. आत सगळ्या काळ्या. एका ठिकाणी तर पांढरी पट्टी गुंडाळलेली होती, जखमेला बांधतात ती. बाबांचं काम.

"काय बंद पडलं?" मी कापून विचारायचो.

"काही नाही," आई सांगायची.

"आता?"

"काही नाही."

असं आमचं छान चाललं होतं. बऱ्याच वायरी निघाल्यावर माझ्या लक्षात आलं की किल्ली फिरवलेलीच नाही. गाडीत मुळात काही सुरूच नव्हतं, तर बंद काय पडणार? मी आईला किल्ली फिरवायला सांगितलं. तिने फिरवली. मी एक काळी वायर ओढली, शेजारची हलली, तिचं सोललेलं टोक पत्र्याला टेकलं आणि हॉर्न वाजायला लागला.

आमच्या गाडीचा हॉर्न इतका निरोगी आहे याची घरात कुणालाच कल्पना नव्हती. किल्ली काढली तरी वाजतोय. बटणावर बुक्की मारली तरी वाजतोय. दुपारची वेळ, सगळी इमारत आडवी झालेली, आणि पार्किंगमध्ये तो एकसुरी, थोर, न संपणारा आवाज. गॅलऱ्या भरल्या. जो तो वरून ओरडून मला एकच गोष्ट सांगत होता, आणि हॉर्नमुळे ती मला ऐकू येत नव्हती. शेवटी मीटरकाकांनी तळहातांचा कर्णा करून माझ्या कानात ओरडून सांगितलं, "आधी मेन बंद करायचं असतं!"

बाबांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे समाधान पसरलं ते मी विसरणार नाही. हे वाक्य ते आयुष्यभर घरात सांगत आले होते. आज पहिल्यांदा त्याला बाहेरून दुजोरा मिळाला होता.

बॅटरी सोडवली, शांतता झाली, आणि त्या शांततेत सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांनी गाडीकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. भिंतीवरच्या फलकाकडे बघितलं.

"इथे वाहन उभं करायला परवानगी आहे," ते म्हणाले. "उघडायला नाही."

"बॉनेट उघडं आहे फक्त."

"आज बॉनेट. उद्या लोक काय काय उघडतील?"

मला अर्ज करावा लागला. समितीची बैठक झाली. बैठकीत अर्जावरची चर्चा लगेच संपली आणि जिन्यात चपला कोण ठेवतं यावर बाकीची संध्याकाळ गेली. शेवटी ठराव झाला. आवाज, वास, डाग आणि तत्सम काही न करता मला माझ्या गाडीत बसून काय करायचं ते करता येईल. 'तत्सम'चा अर्थ विचारल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "ते वेळ आल्यावर ठरवू."

पुढचं काम मात्र रमतगमत झालं. बॅटरीच सोडवलेली असल्यामुळे आपण काय बिघडवलं हे कळायची सोय उरली नव्हती, त्यामुळे मन प्रसन्न असायचं. प्रत्येक वायर टोकापासून टोकापर्यंत बोटाने चाचपत जायचं, टेप सोलायची, नको ती बाहेर काढायची. बाबा शेजारी स्टूल टाकून बसत. मी वायर काढली की ते घेत, तिचं वेटोळं करत, दोऱ्याने बांधत आणि चिठ्ठी लावत. 'मागची काच.' 'दार, आईच्या बाजूचं.' 'कशाची ते माहीत नाही, पण चांगली आहे.' मग ती वेटोळी गोणीत जात. गोणी कुठे जाते हे मी विचारलं नाही. माळ्यावर जात असेल. आमच्याकडे सगळं माळ्यावर जातं.

ड्रायव्हरशेजारची सीट काढून तिच्याखालची वायर ओढताना वायरीसोबत एक कानातलं बाहेर आलं. मोत्याचं, आईचं. ही साधी गोष्ट नव्हती. हे कानातलं पूर्वी एकदा मामी आमच्याकडे राहायला आली त्या आठवड्यात हरवलं होतं. आई मामीला कधी काही बोलली नाही. फक्त तेव्हापासून मामी आली की ती कपाटाला कुलूप लावायची. मामीसमोर लावायची.

"आई, हे बघ काय मिळालं!"

आईने कानातलं हातात घेतलं, उजेडात धरलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"कुठे होतं?"

"सीटखाली."

"परत ठेव तिथेच."

"सीटच नाहीये आता, आई."

आईने इकडेतिकडे पाहिलं आणि ते डॅशबोर्डच्या ॲशट्रेमध्ये टाकून झाकण लावलं. "कुणाला बोलू नकोस. वेळ बघून सांगेन मी वहिनींना."

सगळ्यात शेवटी क्लबच्या नियमाप्रमाणे मी गाडीला मुख्य स्विच बसवला. लाल मुठीचा, आणि बाहेरच्या बाजूला, काचेच्या खालच्या कोपऱ्यात. कारण असं की अपघात झालाच, तर जवळ असेल त्या कुणालाही बाहेरून गाडीची सगळी वीज तोडता आली पाहिजे. कुणालाही. तो बसवताना बाबा स्टूल पुढे ओढून बघत राहिले.

"ही एक वस्तू तू कामाची बसवलीस," ते म्हणाले. माझ्या आठवणीत बाबांनी माझी केलेली ही एकमेव स्तुती, आणि तीही स्विचची.

बॅटरी जोडली. किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. ब्रेक दाबला, मागचे दिवे लागले. वायपर हलला. बाकी काही म्हणजे काही लागलं नाही. मी चार पायऱ्या उड्या मारत चढलो आणि सेक्रेटरींनी 'तत्सम' म्हणजे हेच, असं ठरवलं.

रेसच्या दिवशी गाडी धावपट्टीपर्यंत न्यायची कशी, हा प्रश्न होता. हॉर्न नाही, पुढचे दिवे नाहीत, अशी गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. चालवली तर तिचा विमा आम्हीच नाकारतो. शेवटी मामाने आपल्या स्कूलच्या गाडीने ओढून न्यायचं ठरवलं. अडचण एवढीच की त्या वेळेला एका बाईंचा शिकवणीचा तास होता, आणि मामा तास बुडवत नाही. म्हणून पुढच्या गाडीच्या स्टिअरिंगवर पतपेढीत कॅशियर असलेल्या त्या बाई, शेजारी मामा, मागे आई, बाबा आणि मामी, डोक्यावर 'शिकाऊ'ची पाटी, मागे दोर, आणि दोराला बांधलेला हेल्मेटधारी मी. पहिल्या गिअरमध्ये. वाटेत आम्हाला एका सायकलवाल्याने मागे टाकलं, जरा पुढे जाऊन त्याला वाईट वाटलं असावं, तो थांबला आणि मदत हवी का म्हणून विचारायला परत आला.

धावपट्टीवर क्लबचे तपासनीस वजनकाट्यापाशी उभे होते. गाडी काट्यावर चढवली. त्यांनी आकडा बघितला, मग गाडीत डोकावून बघितलं, जिथे एका सीटशिवाय काही नव्हतं, आणि परत आकडा बघितला.

"तुम्ही यातून नक्की काढलंय काय?"

"सगळं काढलंय. सगळ्या वायरीसुद्धा."

"अंगावर घेऊन बसलात का?" असं म्हणून त्यांनी डिकी उघडली.

डिकीत गोण्या होत्या. ओळीने, तोंड बांधलेल्या. पहिलीत वायरी, चिठ्ठ्यांसकट. दुसरीत रेडिओ, पंखा, कुलपं. तिसरीत घडी केलेला गालिचा. हॉर्न वेगळा, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून, नाजूक म्हणून वर ठेवलेला. बारीकसारीक स्क्रू एका डब्यात. सीटा आणि पत्रे तेवढे मावले नसावेत, बाकी मी गाडीतून जेवढं म्हणून काढलं होतं ते सगळं गाडीत होतं. वर गोण्यांचं वजन.

मी बाबांकडे पाहिलं.

"ज्या गाडीचं सामान त्या गाडीत," बाबा म्हणाले. "वाटेत लागलं असतं तर?"

गोण्या उतरवल्यावर आकडा मर्यादेत आला. तपासनिसांनी मग गाडीचा इंच न् इंच तपासला. एकही सुटी वस्तू गाडीत नको, असा नियमच होता. इंच न् इंच म्हटलं की त्यात ॲशट्रेही आला. त्यांनी तो उघडला आणि मोत्याचं कानातलं दोन बोटांत वर धरलं.

"हे कुणाचं?"

मामी शेजारीच उभी होती. तिने कानातल्याकडे बघितलं. मग आईकडे बघितलं. फार शांतपणे बघितलं.

"बघा!" आई म्हणाली, आणि तिचा आवाज जराही हलला नाही. "मी सगळ्यांना सांगतच होते, वहिनी असं करणाऱ्यातल्या नाहीत."

"कुणाला सांगत होतात, ताई?" मामीने विचारलं.

इतक्यात सुदैवाने माझ्या गटाची घोषणा झाली.

गाड्या ओळीने रेषेवर लावल्या. इंजिनं बंद ठेवायची, झेंडेवाला इशारा करेल तेव्हा सुरू करायची, मग झेंडा पडणार. तोपर्यंत घरच्यांना गाडीपाशी यायला परवानगी होती. बाबा आले. त्यांनी बॉनेटवर हात फिरवला. ही गाडी त्यांनी आयुष्यभर जपून चालवली होती, आणि आता ती त्यांच्यासमोर सोललेल्या केळ्यासारखी उभी होती. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं.

"सावकाश जा," ते म्हणाले, आणि निघून गेले.

इशारा झाला. डावीकडे, उजवीकडे, मागे, इंजिनं गरजायला लागली. मी किल्ली फिरवली. काहीच नाही. पुन्हा फिरवली. काडीचा आवाज नाही. झेंडा पडला. गणिताचे मास्तर माझ्या बाजूने गेले. औषधवाला गेला. धूर विरला, आणि रेषेवर मी एकटा उरलो.

हेल्मेटमध्ये माणूस स्वतःशी फार प्रामाणिक होतो. कापलेली प्रत्येक वायर माझ्या डोळ्यांपुढून गेली. कुठली असेल? पंख्याची? दाराची? 'कशाची ते माहीत नाही, पण चांगली आहे' ती? मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं, पाय दाराबाहेर. कठड्याकडून मामाचा आवाज आला, "राहू दे रे, उगाच पाठ दुखेल. तिला मी संध्याकाळी याच दोराने नेतो." पहिल्या गिअरमधलं ते सगळं आयुष्य मला दिसलं. शिकाऊ बाया, शिकाऊ बाप्ये, दचके, आणि डोक्यावरची ती पाटी.

आईने मीटरकाकांना फोन लावला. आवाज मोठा करून, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"काका, गाडी मेलीये! काय करू दे त्याला?"

"आधी," फोनमधून काका शांतपणे म्हणाले, "मेन बंद करायला सांगा."

"ते मी मघाशीच केलंय," बाबा म्हणाले.

कठड्यापाशी सगळ्यांनी एकदम बाबांकडे वळून पाहिलं.

"काय केलंत?" आईने विचारलं.

"गाडी बंद उभी होती. स्विच चालू. म्हटलं उगाच कशाला."

मी बाहेर उडी मारली, लाल मूठ फिरवली, किल्ली फिरवली, आणि इंजिन असं काही गरजलं की मीच दचकलो. मी निघालो तेव्हा पुढचे लोक एक फेरी मारून माझ्या मागून येत होते. सगळी रेसभर मी सगळ्यांना पुढे जायला जागा देत राहिलो, हे काम मी चोख केलं. जिंकणारा मग घेऊन फोटो काढत होता तेव्हा मी रेषा ओलांडली. स्वतःच्या इंजिनवर.

"हे धरायचं का?" मामाने तपासनिसांना विचारलं.

"नियमात शेवटच्यासाठी वेळेची मर्यादा नाही," ते म्हणाले. "आजवर कधी गरज पडली नव्हती."

मामा गाडीपाशी आला. मला वाटलं तो वाद घालणार. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो लाल मुठीकडे बघत होता. त्याने ती फिरवली, इंजिन बंद पडलं. चालू केली. पुन्हा बंद केली.

"म्हणजे आतला माणूस काय वाटेल ते करो," तो हळूच म्हणाला, "बाहेरून एका हाताने गाडी बंद?"

"हो."

"आणि आतून? माझ्या हाताशी बसवला तर?"

आयुष्यभर शेजारच्या जादा ब्रेकवर, म्हणजे दुसऱ्यांच्या चुकांवर, पाय ठेवून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत तेव्हा मला पाणी दिसलं. मागे त्या कॅशियर बाई दोर गुंडाळत होत्या, त्यांनी नजर वळवली.

तर आता गाडी माझी आहे. आणि सुट्टीच्या दिवशी मी मामाच्या स्कूलच्या एकेका गाडीला लाल स्विच बसवत असतो, कारण घरच्या माणसाला नाही म्हणता येत नाही आणि मामीसमोर सध्या आमच्याकडे कुणालाच नाही म्हणता येत नाही. वायरी विकत आणाव्या लागल्या नाहीत. गोण्यांतल्या पुरल्या. बाबा स्टूलवर बसून चिठ्ठ्या वाचून एकेक वेटोळं सोडवून देतात आणि दर वेळी विचारतात, "टाकल्या असत्यास तर?" मी पुढचं वेटोळं मागतो.

पुढच्या रेसच्या आधी मात्र मी शहाण्यासारखा गाडी मामाच्या दोराला बांधून भंगारवाल्याच्या काट्यावर गेलो. आकडा पुन्हा वर. मी डिकी उघडली, रिकामी. ॲशट्रे उघडला, रिकामा. मग मागे वळून पाहिलं. मागची सीट जागेवर होती. चारही स्क्रू घट्ट पिळून, वर स्वच्छ धुतलेलं कव्हर घालून.

घरी येऊन बाबांना विचारलं.

"रेसमध्ये मागे कुणी बसत नाही, मला मान्य आहे," ते वर्तमानपत्र खाली न ठेवता म्हणाले. "पण आलंच कुणी, तर?"